शॅमेलिऑन काळा पडतो, तेव्हा तो काय सांगत असतो?

ऐकणाऱ्यांसाठी एपिसोड आहेच, हा वाचणाऱ्यांसाठी त्याचा लेखी भाग. आजचा विषय शॅमेलिऑन. कुंपणावर मान हलवणारा साधा सरडा नाही हं. गोल फिरणारे डोळे आणि गुंडाळलेली शेपटी असलेला, ज्याला काही भागांत घोयरा सरडा म्हणतात, तो. आणि सुरुवात माझ्याच एका मूर्खपणापासून करतो.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. रविवारी सकाळी मी आणि माझा मित्र नाशिकहून बाइकवर त्र्यंबकेश्वरला निघालो होतो. अंजनेरीच्या अलीकडे रस्त्यावर काहीतरी हिरवं डुलत डुलत चाललं होतं. एक पाऊल पुढे, मग झोका, परत एक पाऊल. मित्र म्हणाला, "अरे, शॅमेलिऑन! उचल पटकन, गाडीखाली जाईल." मी वरून हात घातला आणि पाठीला धरून उचलला.

इथपर्यंत एक वेळ ठीक होतं. पण मग रील सुरू झालं. या हातातून त्या हातात, खांद्यावर ठेव, निळ्या शर्टावर ठेव, "बघू निळा होतो का!" निळा काही झाला नाही. पाच मिनिटांत काळपट झाला, अंग फुगवलं, तोंड उघडून फुस्स केलं. आम्ही खूश, काय भारी रंग बदलतोय! तसाच बुटांच्या खोक्यात घालून घरी आणला. आई म्हणाली, "काय रे हे घरात आणलंस? विषारी असतं ते." मी तिला ऐटीत सांगितलं, की विषारी नसतं. ते खरंच आहे. पण तेवढं एकच मला माहीत होतं.

वाटीत पाणी ठेवलं, तो बघेचना. भर दुपारी डोळे मिटून बसला. मला वाटलं, झोपला बिचारा. एका ओळखीच्या सर्पमित्राला फोटो पाठवला, तर त्याचा लगेच फोन. "पोट बघ किती भरलंय. अंडी घालायला खाली उतरलेली मादी दिसतेय. आणि हे घरी ठेवणं गुन्हा आहे, माहितीये ना?" वनविभागाला त्यानेच कळवलं, आणि संध्याकाळच्या आत आम्ही तिला होती तिथेच, रस्त्यापासून आत झुडपात सोडलं. ती बराच वेळ हललीच नाही. मग एक पाऊल, झोका, परत एक पाऊल. तिने पुढे अंडी घातली का, मला कधीच कळणार नाही. ते अजून टोचतं.

तर मी काय काय चुकलो, ते एकेक बघू.

पहिलं, रंग. शॅमेलिऑन मागच्या वस्तूचा रंग घेतो हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज. त्याच्या त्वचेतल्या काही पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर बदललं, की परावर्तित होणारा रंग बदलतो. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे दाखवलं. शिवाय मेलॅनिन पसरलं की अंग काळपट होतं. हे सगळं होतं ते तापमान, दुसरा शॅमेलिऑन किंवा भीती यामुळे. म्हणजे रंग ही फोनची थीम नाही, ती मशीनवरची लाल लाइट आहे.

पण नुसत्या गडद रंगावर जाऊ नका. थंड सकाळी ऊन शोषायलाही तो गडद होतो. गडद रंगासोबत अंग चपटं करणं किंवा फुगवणं, तोंड वासणं, फुसकारणं दिसलं, तर तो घाबरलाय. दिवसा डोळे मिटून बसणं तर अजून वाईट. ती झोप नसते, बहुतेक वेळा आजारपण नाहीतर टोकाचा ताण असतो. डोळे खोल गेले असतील तर पाणी कमी पडलंय.

दुसरं, धरणं. त्याच्या दृष्टीने वरून येणारी वस्तू म्हणजे शिकारी पक्षी. माझा हात त्याला तसाच वाटला असणार. त्याचे पाय चिमट्यासारखे असतात, फांदी घट्ट धरतात. ओढून काढलं तर नखं आणि पाय दुखावतात. आणि वाटीतलं साचलेलं पाणी त्याला सहसा ओळखताच येत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो.

तिसरं, कायदा. जगात शॅमेलिऑनच्या २०० हून जास्त जाती आहेत, भारतात एकच. तिला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळं बेकायदा. परदेशी जातीही मोकळ्या नाहीत. पाळल्या जाणाऱ्या व्हेल्ड आणि पँथर या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तेव्हा इन्स्टावर कुणी "डीएम फॉर प्राइस" म्हणत असेल, तर आधी कागद मागा.

नोंदणी केलेला शॅमेलिऑन घरी असेलच, तर एवढं लक्षात ठेवा: तो कुरवाळायचा प्राणी नाही. गरज असेल तेव्हाच हाताळा. हात समोरून, खालच्या बाजूने, हळू न्या आणि त्याला स्वतः चढू द्या. नाही चढला, तर त्याचं उत्तर "नाही" आहे. एका पिंजऱ्यात एकच ठेवा. दुसरा दिसत राहिला तरी ताण येतो.

आणि रस्त्यावर दिसला तर? पावसाळा संपताना अंडी घालायला माद्या जमिनीवर येतात, तेव्हा शक्यता जास्त. आधी स्वतःची गाडी बाजूला घ्या, मागच्यांना हात दाखवा. एक काठी त्याच्या पुढ्यात धरा. तो चढला, की ज्या दिशेला चालला होता त्याच बाजूच्या झुडपात ठेवा. घरी नाही, गावाबाहेरच्या "छान जंगलात" पण नाही. जखमी असेल तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. फोटो लांबून एक काढा, झालं.

ते रील मी कधीच टाकलं नाही. फोनमध्ये मात्र आहे अजून. त्यात मी हसतोय आणि ती काळी पडत चाललीये. तेव्हा मला फक्त रंग दिसला होता.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तुमच्या भागात याला काय म्हणतात, ते नक्की कळवा!