दोन तासांचा विमानप्रवास, पण डबा हवाच!

सुट्टीत आजी-आजोबांना आणि मुलांना घेऊन मुंबईहून जयपूरला निघालात? विमानाचं तिकीट पाहून कुणीतरी म्हणतंच, ‘दोन तासांचा तर प्रवास, डबा कशाला?’ इथेच गणित चुकतं.

मुंबई आणि जयपूर या विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे ९१० किलोमीटर आहे. उंचावर गेल्यावर विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सव्वा तास पुरायला हवा. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून जयपूरला जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून पावणेदोन ते दोन तास.

आता घरापासूनचा हिशेब मांडा. विमान सकाळी १० चं असेल, तर दोन तास आधी विमानतळावर पोहोचायला हवं. घरापासून तिथपर्यंत दीड तास धरला, तर साडेसहाला निघावं लागेल. १२ ला जयपूर. बॅगा मिळेपर्यंत अर्धा तास. विमानतळ शहराच्या दक्षिणेला, सांगानेरला आहे. तिथून हॉटेलपर्यंत पाऊण तास. म्हणजे सव्वा वाज‍ले! दोन तासांचा प्रवास पावणेसात तासांचा झाला.

आजोबांना मधुमेह असेल, तर हे अंतर फार महत्त्वाचं आहे. सहाला नाश्ता झाला, तर पुढचं जेवण थेट दीड वाजता. त्यामुळे गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे असं कोरडं खाणं घ्या. गोळ्यांच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल, तर शक्यतो दुपारचं विमान निवडा. उत्तरेत पहाटे धुकं असतं. दिल्लीत उतरू न शकलेली विमानंही अनेकदा जयपूरकडे वळवली जातात, त्यामुळे सकाळी तिथली गर्दी वाढते.

आणि जयपूरला पोहोचल्यावर मुलांना एक गंमत दाखवा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेल्या जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्र नावाचं प्रचंड सूर्यघड्याळ आहे. त्याची तिरकी भिंत २७ अंशांत कललेली आहे, कारण जयपूरचा अक्षांश साधारण २७ आहे. मुंबईचा १९. फरक ८ अंशांचा. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुलांना गुणाकार करू द्या. उत्तर येईल ८८८! अंश पूर्णांकात धरले आणि जयपूर थोडं पूर्वेला आहे, म्हणून ते तंतोतंत जुळत नाही. तरीही आपण किती लांब आलो, हे मुलांना त्या भिंतीपाशी उभं राहून स्वतःच काढता येईल.