आधी नोंदणी, मग बाजार

नव्या नक्षीचा माल बाजारात आला की महिन्याभरात त्याची हुबेहूब नक्कल निघते, ही तक्रार साडीपासून चप्पल-बांगडीपर्यंत प्रत्येक धंद्यात ऐकू येते. यावर कायद्याचा इलाज आहे. डिझाइन्स कायदा, 2000 अन्वये मालाचा आकार, नक्षी किंवा रंगसंगती नोंदवता येते. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयातही देता येतो. संरक्षण 10 वर्षांचे असते. मुदतीत फी भरल्यास आणखी 5 वर्षे मिळते. नक्कल करणाऱ्यावर कोर्टात भरपाईचा दावा लावून मनाईहुकूम मागता येतो. मात्र एक अट ध्यानात ठेवावी: अर्जापूर्वी नमुना उघड झालेला नसावा. दुकानात मांडला किंवा व्यापाऱ्यांना सर्रास फोटो धाडले, तर नोंदणीचा हक्क जातो. म्हणून कारागीर बांधवांनो, आधी अर्ज, मगच ऑर्डर!