दर १० सेकंदाला एक

ऑगस्ट २०२३मध्ये रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी सांगितलं, की जिओ आपल्या जाळ्यात दर १० सेकंदाला एक नवा ५जी सेल जोडतेय. म्हणजे दिवसाला ८,६४०. आणि ५जीचं दिल्लीत उद्घाटन झालं होतं १ ऑक्टोबर २०२२ला, म्हणजे तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. सेल म्हणजे अख्खा टॉवर नव्हे. टॉवरवरचा एक अँटेना फ्रिक्वेन्सीच्या एका पट्ट्यात जेवढा भाग सांभाळतो, तो एक सेल. एका जागी तीन दिशांना तीन अँटेना आणि दोन पट्टे धरले तर सहा सेल होतात. तरीही रोजच्या १,४४० जागा भरतात!

त्याआधी पैसा ओतावा लागला होता. २०२२च्या स्पेक्ट्रम लिलावात सरकारच्या पदरात १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली पडल्या, त्यातल्या ८८,०७८ कोटींच्या एकट्या जिओच्या. त्यातही ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १० मेगाहर्ट्झची जोडी देशभर मिळवण्यासाठी ३९,२७० कोटी. १० मेगाहर्ट्झ म्हणजे १ कोटी हर्ट्झ. हिशेब करा: एका हर्ट्झच्या जोडीला ३९,२७० रुपये, तेही २० वर्षांपुरते. या पट्ट्यातल्या लहरी लांब जातात आणि भिंतींना फारशा जुमानत नाहीत, म्हणून एवढी किंमत.

ही रक्कम शेवटी येऊन पोहोचते ती एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर. काम बहुधा मध्यरात्रीनंतरचं, कारण जुनं जाळं थोडा वेळ बंद ठेवावं लागतं आणि तेव्हा त्याचा भार शेजारच्या टॉवरांवर पडतो. सेफ्टी बेल्ट लावलेला रिगर खांबावर चढतो, खालचा माणूस कप्पीवरून दोर ओढतो आणि ५जी अँटेनाची चांगली जड पेटी हळूहळू वर जाते. मग होकायंत्राने दिशा जुळवायची, आणि झुकावही. इथे काही अंश चुकले तर समोरच्या इमारतीतल्या लोकांची रेंज बिघडू शकते. त्या पेटीत ६४पर्यंत ट्रान्समीटर आणि तेवढेच रिसीव्हर असतात. माझ्या मते या सगळ्या विस्ताराचे खरे कर्ते हे रिगर आहेत, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

पेटी सुरू झाली की हवेत काय चालतं? ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली १०० मेगाहर्ट्झची वाट ३,२७६ बारीक पट्ट्यांत चिरलेली असते. प्रत्येक पट्टीत सेकंदाला २८,००० वेळा नवं चिन्ह पाठवता येतं. गुणाकार केला तर चिन्हं ठेवायला सेकंदाला ९ कोटी १७ लाख घरं. कुठलं घर कोणाच्या फोनला द्यायचं, हा निर्णय सेकंदाला २,००० वेळा नव्याने होतो.

पण मला सर्वांत थक्क करणारा आकडा वाटतो तो ३. या पट्ट्यात टॉवर आणि फोन एकच वाट आळीपाळीने वापरतात: आधी टॉवर बोलतो, मग फोन. त्यासाठी आसपासच्या सगळ्या टॉवरांनी एकाच क्षणी बोलायला आणि एकाच क्षणी गप्प बसायला हवं. दोन टॉवरांच्या वेळेत जास्तीत जास्त ३ मायक्रोसेकंदांचा फरक चालतो. पापणी लवायला लाखभर मायक्रोसेकंद तरी लागतात. तीन मायक्रोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम ९०० मीटर जातो.

एखाद्या टॉवरचं घड्याळ सरकलं तर? शेजारी ऐकत असताना तो बोलत सुटतो. त्याची ताकद २०० वॉटच्या आसपास, फोनची सहसा पाव वॉटहूनही कमी. त्यातून दूरच्या फोनचा आवाज टॉवरपाशी पोहोचेपर्यंत एका वॉटच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढा उरलेला असू शकतो. तो ऐकू येणारच नाही. लगतच्या पट्ट्यातल्या प्रतिस्पर्धी कंपनीशी वेळ जुळली नाही तरी दोघांचंही नुकसान. म्हणून टॉवरवर आभाळाकडे तोंड करून एक मुठीएवढा जीपीएस अँटेना बसवतात. २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांतली अणुघड्याळं त्याला वेळ देतात. फेब्रुवारी २०२५अखेर देशात सगळ्या कंपन्यांची मिळून ४.६९ लाख ५जी केंद्रं उभी होती, आणि त्यांतली या पट्ट्यावरची अशी एका ठेक्यात चालवावी लागतात.

एवढं करूनही टॉवरमागची केबल तोकडी पडली तर सगळं फुकट. या केबलमधल्या सिंगल-मोड फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा साधारण ९ मायक्रॉन जाडीचा. त्यातून १५ किलोमीटर गेल्यावरही जवळपास निम्मा प्रकाश शिल्लक असतो. फायबर जोडायचा तर दोन्ही गाभे समोरासमोर आणून एका यंत्रातल्या विजेच्या ठिणगीने वितळवावे लागतात, आणि ते यंत्र माणूस रस्त्याकडेला, पावसात असेल तर छत्री धरून, चालवतो. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने ९६ तंतूंची केबल तोडली आणि मधे नवा तुकडा घालावा लागला, की दोन्ही टोकांचे मिळून १९२ जोड करावे लागतात. आधी चालू तंतू जोडतात, त्यामुळे टॉवर परत सुरू होतात तेव्हाही त्या माणसाचे बरेच जोड बाकी असतात.