बर काढली, बरं वाटलं!

शुक्रवारी रात्री तुम्ही काय करता? पिक्चर, पार्टी, की उरलेले मेल्स? मी टूथब्रशने विमान धुतो. हसू नका, खरंच!

विमान मिग-२१. प्लॅस्टिकचं, १/७२ स्केलचं, जेमतेम वीतभर. माझे बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये फिटर होते. ऐंशीच्या दशकात तिथे बनलेल्या मिग-२१वर त्यांचे हात फिरलेत. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये निवृत्त झालं. टीव्हीवर तो सोहळा बघताना बाबा एक शब्द बोलले नाहीत. तसंही रिटायर झाल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे ‘जेवलास का?’ आणि ‘हो’.

म्हटलं, सरप्राइज देऊ. किट मागवलं आणि एका वीकएंडला उरकलं. तोडलं, चिकटवलं, रंगवलं. दिवाळीत बाबांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. नुसता अंगठा फिरवला.

‘बर काढली नाहीस.’

पुढच्याच क्षणी त्यांच्या नखाला पंखावरच्या रंगाचा टवका लागला. माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

चूक माझीच. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात, तिथे प्लॅस्टिकची बारीक रेघ उठते. मॉडेलवाले तिला मोल्ड लाइन म्हणतात, कुठे पातळ पापुद्रा आला तर फ्लॅश. बाबांच्या शॉप फ्लोअरच्या भाषेत ही सगळी बर. अर्धा मिलिमीटर उंचीची रेघ तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण ७२ने गुणा. खऱ्या विमानावर तो ३.६ सेंटिमीटरचा बांध झाला! रंगाखाली तो लपत नाही, उलट जास्तच उठून दिसतो. आणि टवका का निघाला? सुटा भाग साच्यातून सहज निघावा म्हणून तेलकट द्रव्य वापरतात. त्याचा अंश राहिला, वर आपल्या बोटांचं तेल लागलं, की रंग धरतच नाही.

डेडलाइनच्या दुनियेत आपण सगळेच आधी ‘फायनल लूक’कडे धावतो. पीपीटी चकाचक, आतला डेटा राम भरोसे. माझं विमान तसंच होतं.

दुसरं किट आणलं ते थेट नाशिकला. आता दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर वर्कशॉप भरतं. मी पातीची पाठ टेकवून रेघ खरवडतो, बाबा डोळे मिटून अंगठा फिरवतात. ‘अजून आहे.’ मी पुन्हा घासतो. मधेच ते नाइट शिफ्टच्या, कॅन्टीनच्या चहाच्या गोष्टी सांगतात. पस्तीस वर्षांत मी त्या कधी ऐकल्या नव्हत्या. विचारल्याच नव्हत्या, खरं तर.

मागच्या शनिवारी करडा प्रायमर मारला. पोटाखाली एक ओरखडा दिसला. पूर्वी मी वैतागलो असतो. आता म्हटलं, चला, आणखी एक शनिवार मिळाला!

तुम्हीही ट्राय करा

• भाग कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने, मऊ टूथब्रशने धुवा. गरम पाणी नको, बारीक भाग वाकतात. पूर्ण सुकू द्या.

• भाग चौकटीपासून हाताने पिळून तोडू नका. कटरने आधी थोडं लांबून कापा, मग उरलेला ठोंब जवळून.

• रेघ पातीच्या पाठीने खरवडा. मग पॉलिश पेपर ओला करून ४००, ६००, १००० नंबर, याच क्रमाने.

• चिकटवण्याआधी भाग नुसते जुळवून बघा. फट राहिलीच तर पुट्टी भरा आणि रात्रभर थांबा. सुकताना ती आक्रसते.

• रेझिनचं मॉडेल असेल तर मास्क लावा आणि ओलंच घासा. ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

• प्रायमरचे थर पातळ द्या. आणि हो, रंगाची घाई नको!