ऑपरेशन झाले, पुढे काय?



पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून बाळांना ऑपरेशनसाठी नाशिकला आणले जाते, हे आपण जाणता. आज मी ऑपरेशननंतरच्या वर्षांविषयी लिहिते, कारण परिचारिका म्हणून माझे काम तिथूनच सुरू होते. विषय जरा संकोचाचा आहे, सांभाळून घ्यावे.

सुमारे ५,००० बाळांत एकाला गुदद्वार नीट तयार झालेले नसते. मुलींमध्ये बहुधा शीची वाट योनीच्या तोंडाशी उघडते. थोडीथोडी शी होत राहते, म्हणून महिनोन्‌महिने घरात कुणाला संशय येत नाही. वरचे अन्न सुरू होऊन शी घट्ट झाली, पोट फुगले, की धावाधाव होते.

१९८० साली मेक्सिकोत डॉ. अल्बर्टो पेना यांनी सुरू केलेल्या पद्धतीने शल्यविशारद ही वाट स्नायूंच्या मधोमध आणतात. मात्र ते स्नायू, त्यांच्या नसा आणि माकडहाड जन्मतः जसे असेल तसेच राहते. डॉ. पेना यांच्या अनुभवात चारांपैकी सुमारे तीन मुलांना पुढे स्वतःहून शौचाला जाता येते. तरी त्यांतल्या निम्म्यांचे कपडे अधूनमधून खराब होतातच. मुलींमधल्या या नेहमीच्या प्रकारात आशा पुष्कळ असते. तिथे खरा वैरी बद्धकोष्ठ.

इथेच मोठी फसगत होते. आई सांगते, "बाई, हिला जुलाब लागलेत, दिवसभर चड्डी भरते." पोट चाचपले तर आत दगडासारखा गोळा! आतडे तुंबलेले असते आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली, की तुंबारा वाढतो. आतडे ताणून सैल पडते आणि चांगले झालेले ऑपरेशनही वाया गेल्यासारखे दिसते.

उपाय साधा, पण रोजचा. डॉक्टरांनी ठरवलेले रेचक वर्षानुवर्षे द्यावे लागते. "सवय लागेल" या भीतीने ते बंद करणाऱ्या आया मला फार भेटतात. नागलीची भाकरी, रानभाज्या, भरपूर पाणी हवेच, पण त्यावर भागत नाही. जेवणानंतर आतडे आपोआप हलते, म्हणून तेव्हा दहा मिनिटे संडासला बसवावे. ज्यांच्या नसाच कमकुवत आहेत, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज एकदा एनिमा देऊन आतडे रिकामे केले, तर दिवसभर कपडे कोरडे राहतात. ती मुलगी वर्गात इतरांसारखीच बसते.

सहाव्या-सातव्या वर्षी मूल आश्रमशाळेत जाते आणि घडी विस्कटते. औषध द्यायला कुणी नसते. संडासाला रांग असते, दाराला कडी नसते, म्हणून मुलगी दाबून धरते. मग वास, चिडवणे, आणि एक दिवस ती घरी परत. "अभ्यासात लक्ष नाही" एवढेच कारण कळते. म्हणून आम्ही अधीक्षिकाबाईंना आधीच भेटून औषधाची वेळ कागदावर लिहून देतो.

पाळी येण्याच्या वयात पुन्हा तपासणी हवी, कारण काहींच्या गर्भाशयाच्या किंवा योनीच्या रचनेतही फरक असतो. लग्नानंतर बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही हे ऑपरेशन आधी सांगावे लागते, म्हणून जुने कागद जपायचे असतात. कुडाच्या घरात पावसाळ्यात कागद टिकत नाहीत. या तिमाहीत आम्हाला झाकणाचे पत्र्याचे डबे हवे आहेत, आणि एका वसतिगृहाच्या पाच संडासांना कड्या.