कोळशाची झाकणबंद शेगडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कापसाची वेचणी आटोपत आली आणि रानावर थंडीचा अंमल बसला, की गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजावेत आणि शेजारी वांग्याची भाजी रटरटत ठेवावी, हा वर्धा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांचा जुना परिपाठ आहे. तेव्हा उघड्यावर अन्न शिजविण्याची हौस आम्हांस कोणी नव्याने शिकवावी असे नाही. तथापि जाड मातीच्या भिंतींची, जड झाकणाची, अंड्याच्या आकाराची जी कोळशाची शेगडी अलीकडे आपल्या बाजारातही मिळू लागली आहे, तिच्याविषयी विकणारा आणि घेणारा या दोघांच्याही मनात ज्या समजुती घर करून बसल्या आहेत, त्यांपैकी बऱ्याचशा निराधार असल्याने त्यांचा खुलासा करणे अगत्याचे वाटते.

ही शेगडी म्हणजे अमेरिकन कल्पकतेचे अपत्य, ही समजूत फार पसरलेली आहे. वास्तविक तिचे कुळ आशियातील. जपानात भात वाफविण्यासाठी मातीची झाकणबंद चूल वापरीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती मायदेशी नेली, आणि 1974 साली अटलांटा येथे एड फिशर यांनी ‘बिग ग्रीन एग’ या नावाने तिचा व्यवसाय मांडला. मातीच्या बंद पोटात अग्नी कोंडण्याची युक्ती तर आमच्या तंदुरातही आहेच, आणि कालीबंगनसारख्या सिंधुकालीन स्थळांच्या उत्खननांत तंदुरासारख्या भट्ट्या सापडल्या आहेत. फरक आहे तो कसबाचा. कुंभाराच्या लाल मातीच्या शेगडीहून पुष्कळ अधिक उष्णतेवर भाजलेले, वारंवार तापून-निवून न तडकणारे चिनी मातीच्या जातीचे द्रव्य, आणि काठाशी काठ मिळणारे झाकण, एवढ्या दोन बाबींत ही नवी शेगडी पुढे आहे.

परंतु सर्वांत मोठा गैरसमज निराळाच आहे. तो असा, की माती उष्णता ‘देते’, आणि अधिक उष्णता हवी असेल तर अधिक कोळसा घालावा. माती काहीही देत नाही. ती फक्त राखते. लोखंडाच्या मानाने तिच्यातून उष्णता फार सावकाश वाहते, म्हणून आतील आच बाहेर उधळली जात नाही आणि तापलेली भिंत चहूबाजूंनी अन्नावर ती परत टाकते. कोळसा किती भरला याने शेगडी किती वेळ चालेल हे ठरते. ती किती तापेल हे ठरविण्याचा अधिकार वाऱ्याचा आहे. तळाशी एक झरोका असतो, माथ्यावर दुसरा. हे दोन्ही सताड उघडले, की हीच शेगडी तंदुराच्या तोडीची होऊन साडेतीनशे अंशांच्या पलीकडे जाते. दोन्ही बोटभर फटीवर आणले, की तीच 110 ते 120 अंशांवर कित्येक तास निमूट बसते. ज्याला हे उमगले नाही तो कोळशाची ओंजळीवर ओंजळ ओततो, झाकण उघडून वारंवार डोकावतो, म्हणजे वाऱ्याला स्वतःच आत बोलावतो, आणि मग शेगडी ‘ऐकत नाही’ अशी तक्रार मांडतो. आच चढू लागली असता झरोके आधीच आवळावेत; कारण माती एकदा तापली म्हणजे तिला निवविणे हे तासाभराचे काम होऊन बसते.

ज्या वर्धेत मगनवाडी आहे तेथे ही गोष्ट खरे तर नवलाची वाटू नये. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीच्या जागेत कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचा कारभार चालू लागला, आणि त्याच परिसरातून पुढे मगन चूल या नावाने ओळखली गेलेली धुराड्याची मातीची चूल पुढे आली. ज्वाला एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली नेणे आणि धूर घराबाहेर काढणे ही तिची तजवीज. म्हणजे तेथेही सारा विचार अग्नीला वाट कोणती द्यावयाची याचाच होता. 1938 च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही तेथे उभे आहे, आणि हजारो रुपयांची शेगडी घेऊ पाहणाऱ्याने तत्पूर्वी तेथे एक फेरी मारावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कोळशाविषयीचा घोटाळा तर आमच्या भागात विशेष. वर्धा खोऱ्यातील कोळसा प्रसिद्ध. वरोऱ्याच्या खाणीपर्यंत इंग्रजी अमदानीत हिंगणघाटावरून जो लोहमार्ग नेला त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे होते. पण तो दगडी कोळसा. त्यातून डांबरी वायू आणि गंधकाचे धूर निघतात, ते अन्नात उतरतात, आणि म्हणून तो या शेगडीत कदापि घालू नये. येथे हवा तो लोणारी कोळसा, लाकूड कोंडून जाळलेला. त्यातही बाभळीसारख्या घट्ट लाकडाचा, मोठ्या खड्यांचा. चुऱ्याने तळाची जाळी बुजते आणि वारा अडतो. पेटविण्यासाठी रॉकेल ओतण्याचा प्रघात मात्र सर्वस्वी त्याज्य होय: माती ते शोषून घेते आणि पुढे कित्येक दिवस प्रत्येक पदार्थाला त्याची दुर्गंधी अर्पण करते. वाळलेल्या पऱ्हाटीच्या चार काड्या आपल्या शेतात असतातच. त्यांची ज्वाला ओसरून कोळशावर राखेची पांढरी साय धरली, की अन्न ठेवावे.

धूर जितका दाट तितकी चव अधिक, असे मानणारे रसिकही थोडे नाहीत. दाट पांढरा धूर हा अर्धवट जळलेल्या लाकडाचा पुरावा असून तो अन्नाला कडवटपणा आणतो. चव येते ती जेमतेम दिसणाऱ्या, निळसर, पातळ धुराने. त्यासाठी लाकडाच्या ढलप्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात असा सल्ला सर्रास दिला जातो. पाणी घट्ट लाकडात फारसे शिरतच नाही. ते उडून जाईपर्यंत केवळ वाफ निघते आणि धूर तेवढा लांबणीवर पडतो.

‘मोठ्या आचेवर मांस चटकन भाजले की रस आत कोंडला जातो’ हे वाक्य तर शास्त्रवचनासारखे उद्‌धृत होते, आणि त्यामागे थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांची एकोणिसाव्या शतकातील पुण्याई असल्याने त्याचा दरारा अद्याप ओसरलेला नाही. प्रत्यक्षात भाजलेला पापुद्रा जलाभेद्य नसतो. जाळीवर जो चर्र आवाज होतो तो रस बाहेर येत असल्याचाच. मोठ्या आचेचे खरे देणे म्हणजे तो तांबूस रंग व खमंगपणा, ज्याचा रासायनिक खुलासा फ्रेंच शास्त्रज्ञ माय्यार यांनी 1912 मध्ये सुरू केला. भरताच्या वांग्याला, कणसाला किंवा पनीरलाही हाच न्याय लागू आहे. आमच्या रोडग्यांना मात्र मंद आचच मानवते. झरोके जवळजवळ मिटून, जाळीखाली आच अडविणारी मातीची ताटली ठेवून ते येथे उत्तम भाजतात. गोवरीचा वास तेवढा मिळत नाही, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता जी समजूत जिवावर बेतते ती. निखारा धूर देत नाही म्हणून तो निरुपद्रवी, असे गृहीत धरून हिवाळ्याच्या रात्री शेगडी खोलीत किंवा बंद पडवीत घेणारे लोक आहेत. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची मुभा देत नाही. शेगडीची जागा उघड्यावरच, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवतापासून दूर. बोरच्या जंगलाच्या आसपास तर निखाऱ्याचे नावच नको. झाकणबंद निखाऱ्यावरील झाकण एकदम उघडणेही घातक, कारण कोंडलेल्या वायूंना अचानक हवा मिळून ज्वाला तोंडावर येते. आधी दोन बोटे उचलून थांबावे, मग उघडावे.

निवड करताना रंग आणि आकार यांना भुलू नये. झाकण मिटून काठाभोवती कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती सहज निसटली तर वाऱ्यावर तुमची हुकमत चालणार नाही. कुंभार मडके वाजवून पाहतो तसे बोटाने वाजवावे. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. अठरा इंची जाळीची शेगडी सत्तर किलोच्या घरात जाते, तेव्हा ती ठेवावयाचे ठिकाण घेण्यापूर्वीच मुक्रर करावे. एवढा खर्च ज्याला परवडत नाही, त्याने आतून माती लिंपलेली पत्र्याची शेगडी घेऊन वर बसणारे जड झाकण करवून घ्यावे. बारीक आचेचे कौशल्य तिला येणार नाही, पण नेहमीचे भाजणे ती बिनतक्रार करील. पहिल्या दोन-तीन वेळा आच मंदच ठेवावी, म्हणजे मातीतील ओल हळूहळू निघून जाईल. पावसात भिजलेल्या शेगडीला एकदम तापविले तर तीच ओल वाफ होऊन भिंत तडकविते. साबण आणि पाणी आतल्या अंगाला लावू नये, जोराच्या आचेत चिकटलेली चरबी आपोआप जळून जाते. निखारे विझविण्यासाठीही पाणी ओतण्याचे कारण नाही. दोन्ही झरोके मिटले की अग्नी गुदमरून विझतो, आणि उरलेला कोळसा राख झटकून पुढच्या वेळी वापरता येतो.