कोळंबच्या खाडीपासून लेसरच्या ठिपक्यापर्यंत

पहाटे साडेपाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे मालवणात सुकती पहाटे लागते, म्हणून आमच्या कामाचा दिवस आधी पंचांगात पाहून ठरतो आणि मग घाटावरच्या विद्यापीठातल्या लेसरवर वेळ मागितला जातो. कोळंबच्या खाडीत पाणी उतरलेलं असतं. खडकांना आणि कांदळाच्या मुळांना चिकटलेली कालवं उघडी पडतात. आमच्याआधी गावातल्या बायका येऊन कामाला लागलेल्या असतात. त्यांचा हात असा चालतो, की आमचं एक कालव सुटेपर्यंत त्यांची मूठ भरते.

“गो चेडवा, कालवां खावची सोडून डब्यात भरून खंय नेतस?”

“आजी, यांच्या पोटात प्लास्टिक आहे का ते तपासायचंय.”

“आणि गावला तर?”

हा प्रश्न शोधनिबंध तपासणाऱ्यांनीही इतक्या थेट विचारलेला नाही. त्याचं खरं उत्तर द्यायचं, तर आधी सापडलेला कण नेमका कशाचा हे कळायला हवं. तेवढ्यासाठीच पुढचा सगळा दिवस आहे.

कालवंच का? बांगडा आपण साफ करून, आतडी काढून खातो. कालव अख्खं खातो. ते एका जागी चिकटून तासाला काही लिटर पाणी गाळतं आणि त्या पाण्यात जे असेल त्यातलं थोडं आपल्या पोटात ठेवतं. म्हणून त्या खाडीची आणि खाणाऱ्याच्या ताटाची खबर एकाच शिंपल्यात मिळते.

सकाळी सात. कालवं ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा बर्फात. प्लास्टिकची पिशवी या कामात चालत नाही. अंगावरचे कपडे सुती आणि मुद्दाम भडक नारिंगी, म्हणजे आमच्याच बाहीचा धागा नमुन्यात पडला तर लगेच ओळखू येतो. आठच्या आत गाडी निघते. कणकवली, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी. वळणावळणांत डबा मांडीवर धरून बसायचं. दुसरं काही काम नसतं.

दुपारी साडेबारा. प्रयोगशाळेत पोचल्यावर शिंपले उघडायचे, मांस वजन करून काचेच्या बाटलीत घालायचं आणि त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण ओतायचं. चाळीस अंशांवर दोन दिवस ठेवलं की मांस विरघळतं आणि बहुतेक प्लास्टिक तसंच राहतं. म्हणजे आजची कालवं आज लेसरखाली जात नाहीत. आज पाळी गेल्या खेपेच्या नमुन्यांची. ते गाळून, सुकवून, झाकलेल्या काचेच्या बश्यांत वाट पाहत असतात. प्रत्येक खेपेला एक बाटली अशी असते, की तिच्यात कालवच नसतं, फक्त द्रावण. तिच्या गाळणीवर धागा सापडला, तर तो खाडीचा नव्हे, आमच्या खोलीच्या हवेचा. हा हिशेब न ठेवता जो मायक्रोप्लास्टिकचे आकडे सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुपारी दोन. दारावरचा लाल दिवा लागतो. घड्याळ, अंगठी, बांगडी काढून ठेवायची, कारण चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित झालेला किरणही डोळा निकामी करू शकतो. चष्मा त्या-त्या रंगाच्या लेसरसाठी वेगळा असतो. पंखा बंद, वाऱ्याने कण उडतात. लेसर स्थिर व्हायला अर्धा तास द्यावा लागतो. मग सिलिकॉनचा तुकडा ठेवून त्याची रेघ पडद्यावरच्या आलेखात 520 च्या जागी बरोबर येते का ते पाहायचं. ती जागेवर आल्याशिवाय प्रयोगशाळेतल्या मॅडम पुढे जाऊ देत नाहीत.

या तपासणीचं तत्त्व सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचं, शोध 28 फेब्रुवारी 1928 चा. किरण पदार्थावर पडला, की विखुरणाऱ्या प्रकाशातला अगदी नगण्य भाग, कोटीत एखादा कण म्हणा, रंग किंचित बदलून परततो. तो बदल पदार्थाच्या रेणूवर अवलंबून असतो, आणि पडद्यावरच्या रेघा म्हणजे तोच बदल. रामन यांनी सुरुवातीला सूर्यप्रकाशावर काम केलं. 1960 साली लेसर आला आणि हा क्षीण प्रकाश पकडणं सोपं झालं. मणिपालच्या विद्यापीठात असेच किरण वापरून रक्तपेशींपासून मायक्रोप्लास्टिकपर्यंत तपासण्या चालतात. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या कर्करोगाची खूण गालाच्या आतल्या त्वचेवर किरण टाकून शोधण्याचं काम झालं आहे. मिश्री आणि तंबाखू घरोघरी असलेल्या आपल्या भागाला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

अडीच ते साडेसहा. इथे दिवसाचा जीव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एक निळा धागा, केसाहून बारीक. बघणारा कोणीही म्हणेल, जाळ्याच्या दोरीचा. हिरवा किरण, 532 नॅनोमीटरचा, त्यावर टाकला की पडद्यावर रेघा दिसत नाहीत, नुसता डोंगर उभा राहतो. कणाला चिकटलेला चिखल आणि शेवाळ स्वतःच चमकतं आणि त्या चमकेत आपल्याला हवा तो प्रकाश बुडून जातो. मग 785 चा किरण लावायचा. जोर कमी ठेवायचा, नाहीतर गडद कण जळून जातो आणि पुरावाच संपतो. रेघा येतात, पण त्या प्लास्टिकच्या नसतात, निळ्या रंगद्रव्याच्या असतात. रंग बोलतो आणि खालचं प्लास्टिक गप्प बसतं. धाग्यावरची जागा बदलत राहायचं. एका फिकट टोकाला अखेर पॉलिएथिलीनच्या रेघा उमटतात, 1295 आणि 1440 च्या आसपास. दोरी असू शकते. कोणाच्या होडीची, कोणत्या वर्षाची, हे लेसर सांगत नाही आणि आम्हीही सांगू नये.

पुढचा पांढरा कण मात्र पहिल्याच झटक्यात बोलतो. 1001 वर एक तीक्ष्ण रेघ, म्हणजे पॉलिस्टायरीन. मासळी बर्फात भरून पाठवतात त्या थर्माकोलच्या पेट्याही याच पदार्थाच्या. त्यानंतरचा, प्लास्टिक समजून मोठ्या आशेने निवडलेला चकाकता तुकडा 1085 ची रेघ देतो: शिंपल्याचाच कपचा, कॅल्शियम कार्बोनेट. नुसत्या डोळ्यांनी मोजलं असतं, तर तोही प्लास्टिकमध्ये गेला असता.

मध्येच चारच्या चहाला विद्यार्थ्यांपुढे कुमार पटेल यांचं नाव निघतं. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आणि 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध. पुढे हवेतले सूक्ष्म वायू लेसरने मोजण्याचंही काम त्यांनी केलं. बारामतीच्या मुलांना हे नाव शाळेत भेटायला हवं.

संध्याकाळी सात. लेसर बंद, दिवा बंद. प्रत्येक कणाचा फोटो, त्याची रेघ आणि तो ज्या कालवातून आला त्याचा क्रमांक वहीत एकमेकांसमोर लिहायचा. ओळख न पटलेल्या कणांचा रकाना वेगळा, आणि तो रिकामा नसतो.

तर, गावला तर काय? मानवी रक्तात असे कण असल्याचं 2022 साली प्रसिद्ध झालं. शरीरात ते किती आणि कसा अपाय करतात याचा अभ्यास अजून चालू आहे. त्यामुळे कालवं खाऊ नका असं मी म्हणणार नाही, ते खाडीवर पोट असलेल्या बायकांवर अन्यायाचं होईल. पण फाटकं जाळं, दोरीचे तुकडे आणि फुटकी थर्माकोलची पेटी पाण्यात जाऊ न देणं आजच शक्य आहे, त्याला कोणत्याही अहवालाची गरज नाही. दुसरी मागणी जिल्ह्याच्या कारभाऱ्यांकडे. 1987 पासून मालवणला सागरी अभयारण्य आहे, ओरोसला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे, मालवणात विज्ञान शिकणारी मुलं आहेत. तरी खाडीतलं कालव तपासायला घाट चढावा लागतो. एक रामन यंत्र आणि ते चालवणारी दोन शिकलेली माणसं जिल्ह्यात द्या. मालवणची मुलंच ते काम करतील.